मिठाच्या बर्फातली अँटीबॉडी

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त मान कुणाला, असं कुणी विचारलं तर मी फ्रिजकडे बोट दाखवीन. मान फ्रिजचा नाही. त्याच्या मधल्या कप्प्यात फॉइलमध्ये गुंडाळून बसलेल्या करंगळीएवढ्या व्हायलचा, म्हणजे औषधाच्या इवल्याशा बाटलीचा. तिला उजेड चालत नाही, गरम चालत नाही, जोरात हलवलेलं चालत नाही. फेस आला तरी रुसते. एवढे नखरे करून काम किती, तर एका माणसाच्या रक्तात थेंबाचा दहावा हिस्सा जाऊन पडायचा. मला याच इमारतीत अकरा वर्षं झाली. मला उजेड, ऊन, हादरे, सगळं चालतं. मला अजून कुणी फॉइलमध्ये गुंडाळलेलं नाही.

व्हायलमध्ये असते अँटीबॉडी. शुद्ध मराठीत तिला प्रतिपिंड म्हणतात. मी तो शब्द एकदा मोठ्या हौसेनं वापरला, तर आमच्या पुणेकर साहेबांनी ‘म्हणजे काय?’ असं विचारलं. तेव्हापासून मी शुद्ध बोलायच्या भानगडीत पडत नाही.

तिचं काम मला मॅडमनी समजावून सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्याकडे पीएचडी करणारी मुलगी, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. मला ते लगेच समजलं, आणि मला समजलं याचं त्यांना किती आश्चर्य वाटलं तेही समजलं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या रोगाशी लढतात. त्यांच्या अंगावर नाना तऱ्हेची प्रथिनं असतात. ही अँटीबॉडी त्यातलं एकच प्रथिन ओळखते आणि त्यालाच जाऊन चिकटते. तिच्या पाठीला एक नारिंगी रंग बांधलेला असतो. पुण्यातल्या मशीनमध्ये पेशीवर लेझर पडला की तो रंग चमकतो. चमक जास्त, तर प्रथिन जास्त. चमक नाही, तर प्रथिन नाही. माणसाच्या अंगातलं हे प्रथिन ओळखायचं काम जिच्याकडे, ती अँटीबॉडी तयार होते उंदराच्या पेशींपासून. माणसाला माणूस ओळखता येत नाही, हे शास्त्रज्ञांनाही मान्य आहे म्हणायचं.

व्हायलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी, रोगनिदानासाठी वापरू नये. म्हणजे एवढं सगळं करून ती तुम्हाला काय झालंय ते सांगणार नाहीच.

आता माझ्याबद्दल. मी बुलढाणा जिल्ह्यातला, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचा. नववीत असताना शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. पुण्यात आलो तो इमारतीचा वॉचमन म्हणून. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस काचेचं सामान फोडत नाही, आणि मला आत घेतलं. तेव्हापासून मी काचसामान धुतो, ऑटोक्लेव्ह म्हणजे जंतू मारायचा मोठा कुकर लावतो, पिपेटचे टिप भरतो आणि कृतज्ञ राहतो. शेवटचं काम पगारात धरलेलं नाही, पण त्याला सुट्टीही नसते. साहेब हसले तर का हसले, मॅडम गप्प असल्या तर माझं काय चुकलं, फोनवर कुणी ‘हो, हो, त्याला सांगतो’ म्हणालं तर तो ‘त्याला’ म्हणजे मी का, एवढा सगळा हिशोब डोक्यात ठेवून मी बीकर विसळतो. ज्याच्याकडे कागदावर नववीसुद्धा धड नाही, त्यानं भिऊन राहणं हीच त्याची पदवी.

मागच्या मे महिन्यात मॅडमना उन्हात राबणाऱ्या लोकांचं रक्त हवं होतं. उन्हानं त्या प्रथिनाचं काय होतं, ते बघायचं होतं. ते प्रथिन रक्त काढल्यावर फार वेळ टिकत नाही, म्हणून रक्त पुण्यात आणून चालणार नव्हतं. जागेवरच त्यात अँटीबॉडी टाकायची, पेशी औषधात पक्क्या करायच्या, आणि मग त्या ट्यूब पुण्यात मशीनवर लावायच्या. ऊन कुठे मिळेल, अशी चर्चा झाली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत आमच्या गावाचा उल्लेख त्या खोलीत पहिल्यांदाच झाला होता, आणि तोही आमच्याकडे ऊन भरपूर आहे म्हणून.

‘दादा, तुम्ही याल ना बरोबर? लोक तुमच्या ओळखीचे आहेत,’ मॅडम म्हणाल्या.

मी हो म्हणालो. नाही म्हणायचा अभ्यासक्रम नववीच्या पुढे असावा.

गाडीत मांडीवर आइसबॉक्स घेऊन बसलो. जालना मागे पडलं की माझी जीभ आपोआप सैल होते. ‘मला’चं ‘मले’ कधी होतं ते मलाही कळत नाही. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, ‘किती गोड बोलता हो तुम्ही!’ पुण्यात हेच बोललो की समोरचा ‘काय?’ असं दोनदा विचारतो. गोडवा जालन्यापासूनच सुरू होतो, हे मला माहीत नव्हतं.

अमडापुरात आमच्या वस्तीतल्या विहाराचं सभागृह मिळालं. संध्याकाळी लोकांना बोलावून समजावून सांगायचं ठरलं. मॅडमनी सुंदर सांगितलं. लोकांनी सुंदर ऐकलं. मग मॅडम ‘काही प्रश्न?’ म्हणाल्या, आणि सगळ्यांनी मॅडमना सोडून मला धरलं.

‘म्हंजे मले काय झालं ते समजन का याच्यातून?’ एकानं विचारलं.

‘नाही समजत.’

‘मंग गोळ्या भेटतीन?’

‘नाही.’

‘मंग रक्त काऊन घेता बे?’

तेव्हा मागून शेवयावाल्या मावशी उठल्या. या मावशी आमच्या ताईच्या शेजारच्या. माझ्या आईबरोबर कापूस वेचलेल्या. उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात खाटेला शेवयांची मशीन बांधलेली असते आणि आळीतल्या बायका आपापलं पीठ घेऊन तिथे येतात. त्या बायका मावशींचं ऐकतात. नाही ऐकलं तर शेवया जाड निघतात.

‘पोरगं आपलं हाय,’ मावशी म्हणाल्या. ‘खोटं नाही बोलत ते. नाही म्हणते तं नाही. मी देतो, अन् माह्या बाराही बाया देतीन. पण बापू, आमचं रक्त वाया नको जाऊ देऊ.’

‘नाही मावशी,’ मी म्हणालो. माझ्या भरवशावर कुणी काही द्यायची ही पहिलीच वेळ होती. छाती अशी फुगली की आइसबॉक्सचं झाकण तिनंच दाबून ठेवलं असतं.

मॅडम राहणार होत्या चिखलीच्या लॉजवर. तिथल्या फ्रिजमध्ये थंड पेयांच्या बाटल्या ठासून भरलेल्या. ‘दादा, तुमच्या ताईंकडे फ्रिज आहे ना? व्हायल आज तिथेच ठेवू. मला तुमच्यावर विश्वास आहे,’ असं म्हणून त्या गेल्या. एका संध्याकाळी दोनदा विश्वास. माणसाला एवढं सोसत नाही.

ताईचा फ्रिज म्हणजे घरातली सगळ्यात वरच्या मानाची जागा. कैऱ्या, दही, भिजवलेले हरभरे आणि पाण्याच्या बाटल्या. ताईनं एक कप्पा पुसून दिला.

‘याच्यात काय पराठा हाय का?’ फॉइलकडे बघून तिनं विचारलं.

‘औषध हाय. उंदरापासून बनते.’

ताईनं कैऱ्या दुसऱ्या कप्प्यात हलवल्या.

सात वाजता लाइन गेली. पाच मिनिटांनी दाजी बाहेरून बातमी घेऊन आले, ‘डीपी जळाली, गावचा ट्रान्सफॉर्मरच गेला. आता उद्याच्या दुपारपर्यंत पाहू नका.’ दाजी म्हणजे ताईचे मालक. मेहकरच्या बाजारात बियाण्याच्या दुकानात कामाला, आणि दुसऱ्याच्या अडचणीत अगदी ताजेतवाने. ‘काय साहेब, पुण्याहून औषध आणलं, अन् लाइन नाही आणली?’

मला घाम फुटला. मे महिन्यातली अमडापूरची संध्याकाळ, पंखा बंद, पत्रे अजून तापलेले, आणि आत ती नखरेल बया. व्हायलवर लिहिलंय दोन ते आठ अंश. आता प्रामाणिकपणे सांगतो: मी यातला फक्त आठ वाचला होता. दोनाच्या खाली जायची भीती आमच्या भागात कुणी बाळगत नाही. आमच्याकडे दूध उन्हानं नासतं, भाजी उन्हानं वाळते, माणूस उन्हानं पडतो. थंडीनं काही खराब होतं, असं मे महिन्यात चिखली तालुक्यात कुणी बोलला तर त्याला कांदा हुंगवतील.

आणि तरी मला माहीत होतं. प्रयोगशाळेत फ्रीझरच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद आहे, रंग लावलेल्या अँटीबॉडी इथे ठेवू नयेत. मीच तो सेलोटेपनं चिकटवलाय. पण चिकटवणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं.

बरोबर आणलेले जेलपॅक प्रवासातच पाणी झाले होते. मी आइसबॉक्स घेऊन बसस्टँडवर कुल्फीवाल्या चाचांकडे पळालो. लहानपणी त्यांचीच कुल्फी खायचो. त्यांच्याकडे बर्फ असतोच. चाचांनी लाकडी हातोड्यानं बर्फ फोडून दिला आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, ‘कितनी देर रखना है?’

‘सकाळपर्यंत.’

‘तो खाली बरफ से क्या होता बेटा? नमक डाल. बिना नमक के बरफ की क्या इज्जत?’

आणि त्यांनी आपल्या डब्यातलं खडं मीठ ओंजळ ओंजळ भरून माझ्या बर्फावर टाकलं. मिठानं कुल्फी जमते हे मला लहानपणापासून माहीत. दूध गोठतं ते मिठाच्या बर्फातच. एवढं माहीत असूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण डोक्यात त्या वेळी फक्त मॅडम होत्या आणि त्यांचा विश्वास. मी व्हायल एका छोट्या स्टीलच्या डबीत घातली, डबी त्या मिठाच्या बर्फात खोल दाबली, वरून ओलं पोतं गुंडाळलं, आणि माझ्यासारखा जबाबदार माणूस उभ्या तालुक्यात नसेल, अशा समाधानात आडवा झालो.

सकाळी सहाला डबी उघडली. फॉइल ताठ. व्हायलवर पांढरी साय. वाकडी करून बघितली. आतलं हललं नाही. कुल्फी झाली होती.

मी ती मुठीत धरली. पाच मिनिटांत वितळली. उजेडात न नेता फॉइलच्या फटीतून बघितलं: तेच पाणी, तोच फिका रंग, आवाज नाही, वास नाही. एखादं भांडं फुटलं तर निदान तुकडे तरी दिसतात. हिनं एवढाही पुरावा ठेवला नाही. मी व्हायल पुसली, साध्या बर्फात ठेवली, आणि विहारात जाऊन टेबल मांडलं.

मी काय विचार केला तेही सांगतो. थोडीशीच तर गोठली असेल. कंपनीवाले जरा जास्तच घाबरवत असतील. विमानातून येते, तिथं काय कमी थंडी असते? अशी सगळी शास्त्रीय कारणं मला त्या एका तासात सुचली. नववीत एवढी सुचली असती तर शाळेनं मला ठेवून घेतलं असतं. या सगळ्याखाली एकच गोष्ट होती: सांगितलं तर काम जाईल. अकरा वर्षं जी माणसं ‘दादा’ म्हणाली, ती एका सकाळीत ‘अहो, तो’ म्हणायला लागतील.

सातला लोक आले. चिखलीहून बोलावलेला टेक्निशियन रक्त काढत होता, मॅडम जांभळ्या झाकणाच्या ट्यूबवर नंबर टाकत होत्या, पिपेटनं अँटीबॉडी टाकत होत्या. मी ट्यूब स्टँडमध्ये लावत होतो. मावशी सगळ्यात आधी बसल्या, आणि त्यांच्या मागे बारा बायका, हातावर शेवयांचं पीठ तसंच. मावशींनी दंड पुढे केला आणि मला म्हणाल्या, ‘जेवला का रं सकाळी? तोंड काऊन उतरलं?’

‘झोप नाही झाली मावशी.’

‘नवीन जागा,’ मावशी म्हणाल्या. ती नवीन जागा, म्हणजे ताईचं घर, मी जन्मलो त्या घरापासून चौथं.

साडेअकरापर्यंत बावीस माणसं झाली. मॅडम खूष होत्या. त्यांनी पाणी प्यायलं, कपाळ पुसलं, आणि सहज म्हणाल्या, ‘दादा, समजा इथल्या लोकांमध्ये हे प्रथिन खूपच कमी निघालं ना, तर केवढी इंटरेस्टिंग गोष्ट होईल!’

माझ्या हातातला स्टँड जागच्या जागी राहिला.

आमच्या जिल्ह्याला कशाकशात कमी म्हणतात हे मी लहानपणापासून ऐकतोय. रस्ते कमी, पाणी कमी, कारखाने कमी. सरकारनं त्याला एक खास शब्दच दिलाय: अनुशेष. आता रक्तातही अनुशेष निघणार होता. आणि तो काढणार होतो मी, चाचांच्या खड्या मिठानं. पुण्यातलं मशीन म्हणेल, चमक नाही. मॅडम लिहितील, प्रथिन नाही. मावशींच्या रक्तात जे असेल ते असेल, पण कागदावर त्या कमी ठरतील, आणि तो कागद इंग्रजीत असेल, म्हणून त्या भांडायलाही येणार नाहीत.

‘मॅडम, एक मिनिट बाहेर या,’ मी म्हणालो.

बाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी सगळं सांगितलं. डीपी, चाचा, मीठ, कुल्फी. मॅडमनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

‘तुम्हाला कळलं किती वाजता?’

‘सहाला.’

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ओरडून घ्यायचा मला सराव आहे.

‘पण थोडी तरी चालत असेल ना मॅडम? अर्धी?’ मी विचारलं.

‘पूर्ण मेली असती तर बरं झालं असतं, दादा,’ त्या म्हणाल्या. ‘मग काहीच चमकलं नसतं आणि लगेच कळलं असतं. अर्धी मेली असेल तर ती चमकेल, पण खोटं. आणि मी ते खरं समजून लिहून टाकीन.’

मग त्या टाकीच्या कठड्यावर बसल्या. थिसिस द्यायला त्यांच्याकडे थोडेच महिने उरले होते, आणि अमडापूरचं ऊन काही पुन्हा पुण्याला बोलावता येत नाही. पाच मिनिटांनी उठल्या आणि साहेबांना फोन लावला. मी दहा पावलं लांब उभा राहून त्यांच्या पाठीवरून अंदाज काढत होतो, मला किती वाजताच्या गाडीनं पाठवणार.

फोन ठेवून आल्या. ‘परवा सकाळी नवीन व्हायल येईल. पेटीला थर्मामीटर लावलेला असेल. पण या बावीस जणांचं रक्त पुन्हा घ्यावं लागेल. नव्यानं संमती लागेल, आणि खरं कारण सांगूनच. अशा अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीचा नियम आहे.’

‘आणि मी?’

‘तुम्हीच सांगायचं सगळ्यांना,’ मॅडम म्हणाल्या. ‘मी सांगितलं तर ते माझं तोंड बघून हो म्हणतील. तसं नकोय मला.’

म्हणजे माझी नोकरी वाचली होती. मला रडू आलं. ते मी टाकीच्या नळावर धुतलं. खरं बोलायलाही समिती लागते, याबद्दल मी त्या समितीचा कायमचा ऋणी आहे.

बावीस ट्यूब ब्लीचमध्ये ओतल्या. गडद लाल पाणी काळपट होत गेलं. ते काम माझंच असतं. पुण्यात रोज करतो, गाणं गुणगुणत. त्या दिवशी गुणगुणलो नाही.

संध्याकाळी संमतीचे कोरे कागद घेऊन घरोघर निघालो. दाजी मुद्दाम सोबत आले. असा तमाशा मेहकरच्या बाजारातही रोज मिळत नाही. पहिल्या घरी मी सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, ‘मंग कुल्फी कोनी खाल्ली?’ दाजींनी ते पुढच्या प्रत्येक घरी माझ्याआधी जाऊन सांगितलं. पाचव्या घरापर्यंत लोक मला बघूनच हसायला लागले, आणि हसता हसता सह्या करत होते. मला वाटलं, सुटलो.

मग मावशींचं अंगण आलं. खाटेवर मशीन चालू होती, दोऱ्यांवर शेवया वाळत होत्या, बायका दांडा फिरवत होत्या. दाजी इथे मात्र दाराबाहेरच थांबले.

मी सांगितलं. दांडा थांबला.

‘पुन्हा रक्त?’ मावशी म्हणाल्या. ‘अन् सकाळचं कुठी हाय?’

‘फेकलं मावशी.’

‘माह्यं रक्त फेकलं?’

‘हाव.’

‘या सगळ्याइचं?’

‘हाव.’

‘तुले सकाळीच ठाऊक होतं?’

‘हाव.’

मावशींनी हातावरचं पीठ झटकलं. ‘म्या तुले इचारलं ना, तोंड काऊन उतरलं म्हणून? तू म्हटलं झोप नाही झाली. मी या बायाइले तुह्या भरवशावर आणलं, अन् तू माह्या दंडात सुई जातांनी पाहून राह्यला होता, अन् गप होता.’

माझ्याजवळ कोरे कागद होते, ते पुढे केले.

‘ठेव ते खाली,’ मावशी म्हणाल्या. ‘आमाले शेवया कराच्या हायेत.’

दांडा पुन्हा फिरायला लागला. मी कागद ओट्यावर ठेवले, वर एक खडा ठेवला आणि निघालो. या खेपेला दाजी माझ्या पुढे न पळता मागून चालत आले. त्यांची तब्येत बरी नसावी.

दोन दिवसांनी सकाळी नवीन व्हायल आली. पेटी निळी, बाहेरच्या बाजूला छोटी खिडकी, तिच्यात आकडा. मी साडेसहापासून त्या खिडकीसमोर बसलो होतो. सातला हसणाऱ्या घरांतले नऊ जण आले, कुल्फीचे विनोद करत दंड देऊन गेले. साडेसात झाले. मॅडम वहीत तेरा रिकाम्या ओळींकडे बघत होत्या. नऊ माणसांवर काही सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं.

पावणेआठला मावशी आल्या. एकट्या. बाराही बायका रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उभ्या होत्या, डोक्यावर पदर, आणि हातात ते कागद. सह्या केलेल्या की नाहीत, ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत. पेटीजवळ आल्या.

‘याच्यातच हाय का ते?’

‘हाव मावशी.’

‘हा आकडा कायचा?’

‘आतमधल्या थंडाव्याचा. चार हाय आता.’

‘किती पायजे?’

‘दोन ते आठ.’

‘अन् दोनच्या खाली गेलं तं?’

‘तं खराब होते.’

‘अन् मंग?’

‘मंग सांगाचं.’

‘कवा?’

‘तवाच्या तवा,’ मी म्हणालो.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग टेक्निशियनसमोरचं स्टूल पायानं ओढून पेटीला लावलं, त्यावर बसल्या, आणि आधीच्या खेपेला डावा दिला होता म्हणून उजवा दंड पुढे केला. सुई जाऊन ट्यूब भरेपर्यंत त्या पेटीकडे बघत होत्या. कापसाचा बोळा दाबून धरला, पण उठल्या नाहीत. रस्त्यापलीकडे नुसती मान हलवली. बायका एकेक करून रस्ता ओलांडू लागल्या.

‘दर बाईच्या येळेस तो आकडा वाचून दाखव,’ मावशी मला म्हणाल्या. ‘मले इंग्रजी येत नाही.’

मी वाचत गेलो. चार. चार. पाच. मावशी खिडकीकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मॅडम पिपेट हातात धरून त्यांच्या हुकमाची वाट बघायच्या. सातव्या बाईच्या वेळी पेटी दोनदा उघडली गेली आणि आकडा सरकला. मी क्षणभर थांबलो. बाईचा दंड तसाच, सुई तशीच, सगळं विहार तसंच.

‘सहा,’ मी म्हणालो.

मावशींनी आठापर्यंत बोटं मोजली.

‘चालते,’ त्या म्हणाल्या. ‘घे.’